आमाब्ल तेव्हनेचा गंधार

आमाब्ल तेव्हनेकडे व्हिएल दुरुस्तीला नेणे म्हणजे चोरी झाल्याची तक्रार द्यायला जावे आणि आपल्यालाच कोठडीत बसवावे, तसला प्रकार होता. दांड्याने चाक फिरवून तारा वाजवायचे हे आमच्याकडचे वाद्य घेऊन येणाऱ्या कोणालाही तो अहो-जाहो करत नसे. आमच्या व्हेर्नुझे गावाच्या धर्मगुरूंनाही त्याने एकदा "काय खाऊ घातलंस हिला?" असे विचारले होते, आणि ते बिचारे उत्तर देत बसले होते.

त्याने आयुष्यभर घरांवर कौले चढवली. गुडघे गेल्यावर ते काम सोडले. बायको आधीच गेलेली, मुलगा मुलँ शहरात नोकरीत. उरली होती आजोबांच्या हातची व्हिएल, आणि गावाला नावे ठेवण्यासाठी सबंध दिवस.

शाळेतल्या ब्रोसारबाई एकदा आपली व्हिएल घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा गावच्या वादक मंडळाच्या कामासाठी मीही तिथे बसलो होतो. बाई घाबरतच म्हणाल्या, "मोस्यू तेव्हने, वरचे सूर किंचाळतायत."

त्याने व्हिएल मांडीवर घेतली, चाकावरचे झाकण काढले आणि तारेला गुंडाळलेला कापूस दोन बोटांत धरला.

"हे काय आहे?"

"कापूस."

"स्वेटर आहे हा. सर्दी झाली होती का हिला?"

"आवाज मऊ यावा म्हणून जरा जास्त..."

"मऊ हवा तर उशी वाजव." मग त्याने चाकाच्या कडेवर तिरपी नजर टाकली. "चाकाला बोट लावलंस."

"नाही हो."

"लोणी आहे यावर."

बाईंनी आपली बोटे पाहिली. मग म्हणाल्या, "सकाळी पाव खात होते."

"मग पावच खा. व्हिएल कशाला वाजवतेस?"

असे बोलत बोलतच त्याने चाक पुसले, राळ पुन्हा लावली, जुना कापूस उपटून श्वासाने उडून जाईल इतका पातळ नवा गुंडाळला, घोडीवर तारेखाली कागदाचा बारीक तुकडा सरकवला आणि दांडा फिरवला. किंचाळणे थांबले. बाईंनी आभार मानले. त्याने दार उघडून धरले.

त्याचा क्रम ठरलेला असे. आधी राळ, मग कापूस, मग तारेखालचा कागद, मग चाक. जिभल्यांना सगळ्यांत शेवटी हात. पट्टी दाबली की आतली लाकडी जिभली तारेला टेकते आणि सूर ठरतो. ती जिभली डावी-उजवीकडे वळवली की सूर केसभर चढतो किंवा उतरतो. सूर बिघडला की नवशिके आधी जिभल्याच पिळतात. तेव्हने म्हणायचा, "ताप आला की हे थर्मामीटर वाकवतात."

त्याच्या स्वतःच्या व्हिएलच्या जिभल्या मात्र निराळ्याच कारणाने निराळ्या लावलेल्या होत्या, आणि ते कारण त्याच्या घरासमोरच राहत होते.

मारियाँ ओक्लेर हा त्याच्या बहिणीचा, सोलांजचा, नवरा. तो पिशवीची पुंगी वाजवायचा. आमच्याकडे लग्नाची वरात व्हिएल आणि पुंगी मिळून चर्चपर्यंत नेतात, आणि दोघांच्या सुरांचा नियम जुना आहे. पुंगीची भोके लाकडात पाडलेली असतात, ती हलत नाहीत. व्हिएलच्या जिभल्या हलतात. म्हणून व्हिएलने पुंगीकडे जायचे; पुंगी व्हिएलकडे येत नाही. मारियाँच्या पुंगीची नळी त्याच्या आजोबांनी कोरलेली होती आणि तिचा गंधार चांगलाच उतरलेला होता. तरुणपणी तेव्हनेने आपल्या जिभल्या त्या नळीला जुळवून घेतल्या. दोघांचा मिळून जो सूर झाला तोच गावाला खरा वाटू लागला. बाहेरगावचा वादक आला की आम्हाला तोच बेसूर वाटायचा.

पण आपण वळायचे आणि त्याने तसेच बसून राहायचे, हे तेव्हनेला आत कुठेतरी सलत राहिले असणार. त्यातच अक्रोडाचे प्रकरण झाले. दोघांच्या हद्दीवर एक जुने अक्रोडाचे झाड होते. त्याच्या खोडातून नवी व्हिएल करायची, असे तेव्हनेने मनाशी धरले होते. एका हिवाळ्यात मारियाँने ते तोडले आणि सरपण केले. तेव्हने बाहेरगावाहून परत आला तेव्हा ओंडके फोडून रचलेले होते.

"व्हिएल जाळतोयस तू," तो म्हणाला.

"लाकूड जाळतोय," मारियाँ म्हणाला. "झाडावर तुझं नाव लिहिलं नव्हतं. तू सांगितलंही नव्हतंस."

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"मग गावाला सांग."

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. वाजवत मात्र राहिले, कारण गावात लग्ने होतच राहिली. तेव्हने मारियाँच्या डावीकडे बसायचा आणि खांदा असा वळवायचा की त्याचे तोंड दिसू नये. मारियाँ पायाने जमिनीवर ठोका द्यायचा, तेव्हने दांडा फिरवायचा. तेवढाच त्यांचा संवाद. निरोप असला तर सोलांज रस्ता ओलांडून नेई, आणि दोन्ही घरांकडून शिव्या खाई.

हे असेच चालले असते; पण तेव्हनेची नात नादेज हिचे लग्न ठरले.

तेव्हनेच्या घरात एक रीत आहे. नवरी आत थांबते. दारासमोर घरातली व्हिएल तिला बोलावण्याची चाल वाजवते. ती चाल पुरी झाल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. तेव्हनेच्या आत्याला, सोलांजला असेच घराबाहेर आणले होते. नादेज मुलँला दवाखान्यात नोकरी करायची, केस आखूड कापायची, पण लग्न आजोबांच्या दारातून करायचे हे तिने स्वतःच ठरवले होते. तेव्हने त्यावर म्हणाला, "बघू." पण त्याच दिवशी त्याने दाराला रंग द्यायला घेतला.

हिवाळा संपता संपता मंडळाच्या खोलीत पहिली तालीम झाली. नादेज मुद्दाम ऐकायला आली होती. दोघांनी चाल सुरू केली आणि पहिल्याच वळणावर गंधार भांडायला लागला. वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही दातात कळ आल्यासारखे झाले. तेव्हने थांबला. मारियाँ पुंगीत हवा भरत बसला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

"हवा दमट आहे," तेव्हने खोलीला म्हणाला.

पुढच्या तालमीला हवा कोरडी होती आणि गंधार तसाच होता. त्याने कापूस बदलला. तिसऱ्या वेळी नवी तार लावली. ढोल वाजवणारा बेकरीवाला फुर्निये म्हणाला, "तेव्हनेबाबा, माझ्या भट्टीचं दार असंच करकरतं. मी त्याला चरबी लावतो."

"तुझ्या पावालाही तूच लावतोस का चरबी? चवीवरून वाटतं."

पण लोक बोलू लागले होते. व्हिएल बिघडते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पुंगी बिघडल्याचे कोणी ऐकलेले नसते. त्यामुळे दोष व्हिएलचा, आणि व्हिएलचा नसेल तर वाजवणाऱ्याच्या कानांचा, असे ठरून गेले. मंडळाचा चिटणीस म्हणून माझ्याकडे दोन-तीन जण येऊन गेले. म्हाताऱ्याला कोणीतरी सांगायला हवे, असे प्रत्येक जण म्हणायचा. सांगायला कोणी तयार नव्हते.

शेवटी नादेजनेच सांगितले. तालमीनंतर ती आजोबांसमोर उभी राहिली.

"पेपे, लोक हसतील."

"हसू देत. दात तरी दिसतील त्यांचे."

"मी नाही हसणार पण. पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकते. नाही जमलं तर मारियाँ काका एकटे वाजवतील."

"माझ्या दारात?"

"माझ्या लग्नात."

तेव्हनेने व्हिएल पेटीत ठेवली, आणि जाता जाता मला म्हणाला, "मालरा, उद्या ये. दांडा फिरवायला माणूस लागेल."

मी गेलो तेव्हा व्हिएलचे पोट उघडे होते. तारा सोडून बाजूला केलेल्या, घोडी काढलेली. टेबलावर पातळ पाते ठेवलेले होते. चाक वाकडे झाले असणार, अंड्यासारखे झाले असणार, असे त्याने ठरवले होते. राळ झाली, कापूस झाला, कागद झाला. क्रमाने आता चाकच उरले होते.

चाक गोल आहे की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. पेन्सिल अगदी जवळ स्थिर धरायची आणि चाक सावकाश फिरवायचे. जिथे फुगवटा असेल तिथेच रेघ उमटते. मी दांडा फिरवला, त्याने पेन्सिल धरली. रेघ सगळीकडे सारखी उमटली, कुठे तुटली नाही.

"गोल आहे," मी म्हणालो.

"पुन्हा फिरव."

पुन्हा तशीच रेघ आली.

"आमाब्ल, चाक गोल आहे."

"मग गंधार कोण खातंय? तू खातोस?"

"पुंगीकडे एकदा..."

"पुंगी लाकूड आहे. चाळीस वर्षं तीच नळी आहे. लाकडातली भोकं चालायला लागली का?" त्याने पाते उचलले. "फिरव. एकसारखं. झटका दिलास तर बोटं तोडीन."

"त्याला विचारून तर बघ."

"फिरव."

मी फिरवले. पाते चाकाला लागले आणि लाकडाची भुकटी त्याच्या पँटवर पडू लागली. तो श्वास रोखून, डोळे बारीक करून पाते धरून होता. कौले चढवणाऱ्याचा हात अजून स्थिर होता. थोड्या वेळाने त्याने हात थांबवला, चाकावर ओठांनी फुंकर मारली आणि चाक बराच वेळ पाहत राहिला. कुठेही फुगवटा नसलेले चाक सगळीकडून सारखेच बारीक झाले होते.

तारा परत चढवल्या तेव्हा त्या चाकाला जेमतेम टेकत होत्या. आवाज माशीसारखा आला. कुत्रा, म्हणजे हाताच्या झटक्यासरशी तालावर भुंकणारी छोटी घोडी, अजिबात भुंकेना. आता चाकाप्रमाणे मोठी घोडी खाली घासायची, कापूस नव्याने, कागद नव्याने, सगळे पहिल्यापासून. त्याने दांडा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "जा आता. तुझ्या हाताला तालच नाही."

ते सगळे त्याने पुढच्या दिवसांत एकट्याने केले. मी शुक्रवारी गेलो तेव्हा घोडी बसली होती, कुत्रा कसाबसा भुंकत होता. व्हिएलचा आवाज आधीपेक्षा लहान झाला होता, पण सूर एकटीचा ऐकला तर नेहमीचाच होता. तोच आमच्या ओळखीचा उतरलेला गंधार. त्याचा चेहरा थोडा सैल झाला होता.

तेवढ्यात सोलांज आली. हातात बटाटे आणि साय भरून भाजलेले आमच्याकडचे गरम पक्वान्न होते. ते टेबलावर ठेवून तिने भुकटी झटकली.

"काय रे, अजून जमली नाही का तुझी त्या नव्या नळीशी?"

तेव्हनेचा दांडा थांबला. "कुठली नवी नळी?"

"मारियाँची. त्या मोठ्या गारठ्यात जुनी उभी चिरली ना. तो माँल्युसाँला जाऊन नवी करून घेऊन आला. शिंगाच्या कड्या जुन्याच बसवल्या, तेल लावून काळी केली. म्हणाला, नवी नळी लग्नात नवऱ्या मुलासारखी चमकते, बरी दिसत नाही."

सोलांजने माझ्याकडे पाहिले, मग उघड्या पेटीतल्या पात्याकडे.

"तुला माहीत नव्हतं?"

"तू सांगितलं नाहीस."

"मी? मी दोन्हीकडचे निरोप नेते. निरोप दिलाच नाही त्यानं, तर काय नेऊ? मला वाटलं तुला ऐकू आलं असेल. इतकी वर्षं शेजारी बसतोस."

हे तिने टोचायला म्हटले नव्हते, पण टोचले. तेव्हनेचे कान लाल झाले. नळी बदललेली त्याने पाहिली नव्हती, कारण तो तिकडे पाहतच नव्हता. पण ऐकणे तर त्याने कधी बंद केले नव्हते. गंधार भांडतोय हे त्याला पहिल्या दिवशी ऐकू आले, आणि त्याने आपलेच घर खणून काढले.

"नेते का निरोप काही?" सोलांजने विचारले.

"नाही."

शनिवारी सकाळी त्याने मला बोलावून घेतले. "मालरा, तू चल. नंतर तो खोटं बोलेल." गळ्यात पट्टा अडकवून, व्हिएल पोटावर घेऊन तो रस्ता ओलांडून मारियाँच्या अंगणात गेला. मारियाँ कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"फुंक," तेव्हने म्हणाला. अक्रोडानंतर त्याने त्या माणसाला उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द.

"काय?"

"बहिरा झालास? पुंगी आण आणि फुंक. खालपासून, एकेक सूर."

मारियाँने दाण्यांचे भांडे सावकाश खाली ठेवले. "आता आठवण झाली?"

"नळी बदललीस ते सांगायला तोंड नव्हतं?"

"तुला कान नव्हते?"

"मी चाक घासलं तुझ्यापायी."

"माझ्यापायी? मी सांगितलं होतं घासायला?" मग त्याची नजर व्हिएलवर गेली आणि क्षणभर तिथेच राहिली. "किती घासलंस?"

"तुला काय करायचंय? तू सरपणातला माणूस."

सोलांजने खुर्ची आणून ठेवली. तेव्हने उभाच राहिला. मारियाँने पुंगी काखेत घेतली आणि खालचा षड्ज धरला. तेव्हनेने पट्टी दाबली, दांडा फिरवला, लहान चिमट्याने जिभली किंचित वळवली. दोन सूर एक झाले. मग ऋषभ. गंधाराला मारियाँने मुद्दाम सूर लवकर सोडला.

"धर की."

"धरला होता. तुझा हात म्हातारा झालाय."

"फुंकायला अक्कल लागत नाही, दम तरी लागू दे."

गंधार पुन्हा आला, सरळ, चढा, आमच्या कानांना परका. तेव्हनेने चिमटा लावला. तरुणपणी बसवलेली ती जिभली इतक्या वर्षांनी जागची हलेना. मग कट्‌ असा आवाज झाला आणि ती वळली. सोलांज आत निघून गेली. आमच्या सगळ्यांच्या लग्नातला गंधार त्या क्षणी गेला होता. त्या दोघांना मात्र एकमेकांवर डाफरण्यापुढे फुरसत नव्हती.

असे करत ते वरपर्यंत गेले. वरच्या निषादाला मारियाँ फुंकत राहिला, आणि तेव्हनेने चिमटा खिशात घातला.

"झालं."

"वरचा निषाद राहिलाय."

"नाही राहिला."

"उतरलाय तो. मला ऐकू येतंय."

"अरे वा. तुला कान आहेत वाटतं."

"लाव तो. चालीत येतो."

"येतो. प्रत्येक फेरीत एकदा." तेव्हनेने झाकण लावले. "तेवढा तू ये."

"भोकं लाकडात असतात, गाढवा."

"मग जळ."

संध्याकाळच्या तालमीला नादेज दारात हाताची घडी घालून उभी राहिली. पहिली फेरी सुरू झाली आणि गंधार एकजीव आला. तिचे हात सुटले. चाल वर चढू लागली, तसा मी खुर्चीची कड धरली. निषादाच्या ऐन आधी मारियाँ खालच्या सुरावर थांबला. पुंगीला मधेच गप्प करता येत नाही, ती श्वास असेपर्यंत बोलतच राहते. म्हणून तो खालचा सूर लांबवत राहिला आणि वरच्या निषादावर व्हिएल एकटी गेली. बारीक केलेल्या चाकाचा तो लहान, जुना सूर. ती खाली आली, मग पुंगी पुढे निघाली. प्रत्येक फेरीला तसेच. तेव्हनेने मान वळवली नाही. मारियाँने भिंतीवरची नजर हलवली नाही.

"पेपे, तू दारात वाजवशील," नादेज म्हणाली. "ते मधेच एकट्यानं वर जातोस ना, तेही ठेव."

लग्नाच्या दिवशी नव्या रंगाच्या दारातून ती त्या सुरावरच बाहेर आली. ब्रोसारबाईंनी डोळे पुसले. फुर्नियेने ढोलावरचा हात थांबवला. जेवणात सें-पुर्सँची वाइन सुरू झाल्यावर त्याने दोन टोकांना बसलेल्या दोघांनाही एकच प्रश्न विचारला. ती व्हिएल एकटी वर जाते, ती जागा कोणी बसवली?

"त्याला तो सूर जमत नाही," तेव्हने म्हणाला. "घाबरला."

"दिला त्याला," मारियाँ म्हणाला. "म्हातारा आहे."

त्यानंतर ते पुन्हा बोललेले नाहीत. लग्ने होतात, दोघे वाजवतात, आणि ती चाल आता सगळीकडे तशीच मागितली जाते. वरच्या निषादाची जिभली तेव्हनेने अजून वळवलेली नाही. मी एकदा सुचवून पाहिले, तर त्याने मला दार उघडून धरले.

फक्त बसण्याची जागा बदलली आहे. पूर्वी तो मारियाँच्या डावीकडे खांदा वळवून बसायचा. आता वाजवायला गेले की खुर्ची उचलून तो उजवीकडे नेतो, खांदा सरळ ठेवतो. तिथून नळी दिसते.